टांझानियात शिकवायला आले, पण प्रशिक्षणात सगळा वेळ स्वाहिलीच! तास कमी करून घेऊ का?

गणितवाली
नमस्कार मंडळी. परवा दार-एस-सलामला उतरले, तिथून रेल्वेने मोरोगोरोला आले. (२०२४ मध्ये सुरू झालेली विजेची गाडी, झकास आहे.) पुढे एका सरकारी माध्यमिक शाळेत फॉर्म १ आणि २ ला (म्हणजे माध्यमिकची पहिली दोन वर्षं) गणित शिकवायचंय, स्वयंसेवक म्हणून. त्याआधीचं प्रशिक्षण इथे आहे आणि वेळापत्रक बघून माझं डोकंच फिरलं. सकाळभर स्वाहिली. दुपारी बाजारात जाऊन पुन्हा स्वाहिली. अध्यापनाला आठवड्यातून जेमतेम दोन दुपारी. माध्यमिकला माध्यम इंग्रजी आहे ना? मग मी उलुगुरूच्या डोंगरांकडे बघत क्रियापदं कशाला घोकतेय? त्यात राहायचं एका कुटुंबात. घरच्या बाई मला भांडी घासू देत नाहीत आणि संध्याकाळी एकटीला खोलीत बसूही देत नाहीत. अर्धं आयुष्य फळ्यासमोर गेलंय माझं. भाषेचे तास कमी करा म्हणून सांगू का?

खडूची_धूळ
ताई, मुळीच सांगू नका. मी तिकडे विज्ञान शिकवून आलोय.

तुमची मुलं सात वर्षं प्राथमिकला स्वाहिलीत शिकून आलेली असतात आणि फॉर्म १ ला एकदम इंग्रजी. तुम्ही "समजलं का?" विचारलंत की अख्खा वर्ग एका सुरात "येस मॅडम" म्हणतो. ज्याला समजलं नाही तो ते शेजाऱ्याला सांगतो, हळूच, स्वाहिलीत. ती कुजबुज तुम्हाला कळली पाहिजे. फळ्यावर इंग्रजीच लिहा, पण "क्वा नीनी?" म्हणजे का, "निओन्येशे" म्हणजे मला दाखव, एवढं तोंडी बसलं तरी वर्ग बोलायला लागतो.

घड्याळाचंही बघा. तिथे दिवसाचे तास सूर्योदयापासून मोजतात. मुख्याध्यापक "सा म्बिली" म्हणाले, तर शब्दशः 'दोन वाजता', म्हणजे आपले सकाळचे आठ. वडीलधाऱ्यांना "शिकामो" म्हणायचं, मुलं तुम्हाला तसं म्हणाली की उत्तर "माराहाबा". भांड्यांचा हट्ट सोडा, स्वयंपाकघरात बसून भाजी निवडा. त्या बाई तुमची क्रियापदं फुकटात सुधारतील.

प्रशिक्षणात खरं भांडायचं असेल तर छडीवरून भांडा. नियमाने फक्त मुख्याध्यापक किंवा त्यांनी नेमलेला शिक्षकच मारू शकतो, तेही जास्तीत जास्त चार छड्या. प्रत्यक्षात? तुम्ही मारणार नाही हे ठीक, पण वर्गात गलका झाला की शेजारचा शिक्षक छडी घेऊन तुमच्या 'मदतीला' येतो. तेव्हा काय करायचं हे कुणी आपणहून सांगत नाही.

गणितवाली
छडीचा विचारच केला नव्हता. मग काय करायचं?

खडूची_धूळ
पहिल्याच आठवड्यात मुख्याध्यापकांना एकटं गाठून सांगायचं, की माझ्या तासाला शिस्त माझी मी बघेन. स्टाफरूममध्ये चारचौघांत तत्त्वज्ञान सांगायचं नाही. बाकीचे शिक्षक तिथे जन्मभर राहणार आहेत, तुम्ही पाहुण्या.

डालाडाला_प्रवासी
मला थोडं वेगळं वाटतं. भाषा हवीच, पण त्या दोन दुपारी हॉलमध्ये बसून घालवू नका. जवळच्या शाळेत फॉर्म १ चा खराखुरा तास बघायला मिळेल का ते विचारा. २०१६ पासून फॉर्म ४ पर्यंत फी नाही, त्यामुळे पटसंख्या फुगली. इतक्या मुलांत वह्या कशा तपासायच्या, हे बघितल्याशिवाय कळत नाही.

आणि परवान्याचं काय? स्वयंसेवकाला 'सी' (C) वर्गाचा निवास परवाना लागतो, पर्यटक व्हिसावर शिकवता येत नाही. संस्थेने अर्ज केलाय का विचारा आणि पावतीची प्रत स्वतःजवळ ठेवा. "होईल हो" यावर विसंबू नका. मागून येणाऱ्यांसाठी: प्लास्टिकच्या कॅरीबॅगांवर जून २०१९ पासून बंदी आहे, सामान कापडी पिशव्यांत भरा.

गणितवाली
परवान्याची पावती आहे, आत्ताच बघितली. तास कमी करा म्हणणार नाही, दोन दुपारी मात्र शाळेत मागते. आणि खडूसाहेब, अपूर्णांक आणि ऋण संख्यांसाठी वर्गात कुठले शब्द वापरायचात ते सवडीने लिहा. इथल्या भाषाशिक्षिका बाजारभावात पटाईत आहेत, बीजगणिताचं नाव काढलं की हसतात.