घोरेपानी-पून हिल (नेपाळ) ट्रेक: मदत हवी आहे

आम्ही चौघं दारव्हा तालुक्यातले. गहू-हरभरा घरात आला की मार्चअखेर निघायचं म्हणतो. पासपोर्ट कोणाकडंच नाही. इकडं सगळं सपाट, चढायचा सराव कुठं करावा? जाणकारांनी सांगावं.

पाऊलवाट: वेळ नेमकी निवडली भाऊ. मार्च-एप्रिलात वाटेतल्या उल्लेरी गावाच्या वरच्या जंगलात लालीगुरांस (ऱ्होडोडेंड्रॉन, लाल फुलांचं झाड) फुललेला असतो. पासपोर्ट नसला तरी चालते, मतदार ओळखपत्र मात्र मूळ न्या. आधारवर विसंबू नका. नागपूरहून राप्तीसागरनं गोरखपूर, बसनं सोनौली, सीमा पायी ओलांडायची, पुढं भैरहवा ते पोखरा. हा घाटरस्ता अख्खा दिवस खातो. अन्नपूर्णा क्षेत्राचा परवाना पोखऱ्यात काढा, सार्क देशांना (त्यात भारत आला) १००० नेपाळी रुपये. १०० भारतीय म्हणजे १६० नेपाळी. पैसे तिथंच बदलून घ्या, वर एटीएम धरून चालू नका. १ एप्रिल २०२३ पासून परदेशी ट्रेकरला परवानाधारक गाइड लागतो, तोही खर्चात धरा.

रानवाट: सरावाला गावच्या तलावाची पाळ पुरते. दोन महिने, आठवड्यातून चार दिवस, पाठीवर ५ किलो तूरडाळ, मग वाढवत ८. खरा भर उतरण्यावर द्या. तिखेढुंगा ते उल्लेरी तीन हजारांवर दगडी पायऱ्या आहेत. चढताना दम लागतो आणि थांबलं की जातो, पण उतरताना मांडीचा स्नायू ताणत ब्रेक मारतो, तो थकला की सगळा धक्का गुडघ्यावर. म्हणून पाळ उतरताना पळू नका, पाऊल सावकाश टेका. बूट महिनाभर आधी घ्या, अंगठ्यापुढं बोटभर जागा हवी, नाहीतर परतीच्या वाटेवर घांद्रुक गावाकडं उतरताना नखं काळी पडतात. सुती बनियन घरीच ठेवा! घामानं ओली झाली की वाळत नाही, आणि पून हिलवर पहाटेच्या वाऱ्यात अंग गारठते. आपल्याला उन्हाची सवय, थंडीची नाही. ड्रायफिट (लवकर वाळणारा टी-शर्ट), फ्लीस (मऊ उबदार जॅकेट), वाऱ्याचं जॅकेट, कानटोपी, हेडटॉर्च पुरे.

धागाकर्ता: डायमॉक्स (उंचीवरचा त्रास टाळायची गोळी) न्यावी का?

पाऊलवाट: घोरेपानीचा मुक्काम ३००० मीटरच्या खाली आहे, पून हिल ३२१० वर तासाभरच थांबता, त्यामुळं सहसा लागत नाही. सल्फाची ॲलर्जी असेल तर डॉक्टरला विचारल्याशिवाय घेऊच नका. डोकं दुखून मळमळलं तर वर चढायचं नाही. तरी वाढलं तर त्याच दिवशी खाली उतरा, सोबत एक जण द्या.