चांदीचा चषक आतून सोनेरी का असतो?

भटक्या_कुडाळकर:
परवा जुन्या गोव्यात सांता मोनिका कॉन्व्हेंटमधलं ख्रिश्चन कलेचं म्युझियम बघितलं. मिस्साला (चर्चमधल्या मुख्य उपासनाविधीला) द्राक्षारसासाठी वापरतात ते चांदीचे चषक बघताना दोन प्रश्न डोक्यात बसलेत. सगळा चषक चांदीचा आणि कपाचा आतला भाग तेवढा सोनेरी, असं का? आणि दांडीच्या मध्ये तो गोळा कशाला, नुसती शोभा? पाट्या नीट वाचता आल्या नाहीत, बायकोला मासे खायची घाई होती.

वसईवाला:
लहानपणी वेदीसेवक (मिस्सात फादरना मदत करणारा मुलगा) होतो म्हणून सांगतो, गोळा शोभेचा नाही, पकडायला आहे. जुन्या लॅटिन मिस्सात भाकर पवित्र झाली की फादर अंगठा आणि तर्जनी जुळवूनच ठेवायचे, बोटाला लागलेला कणसुद्धा खाली पडू नये म्हणून, मग उरलेल्या बोटांनी चषक उचलायचा तर काहीतरी आधार नको का. आणि सोनेरी कारण द्राक्षारस जिथे टेकतो तो भाग सोन्याचा, निदान मुलाम्याचा तरी हवा अशी रीतच आहे. चांदी काळी पडते, सोनं नाही.

हुपरीकर:
आमचं घराणं चांदीकामातलं, आजोबा देवाचे मुखवटे आणि टाक करायचे. उठावाचं काम सगळीकडे एकच हो, पत्रा राळेवर बसवायचा, मागून ठोकून फुगवायचा, पुढून छिन्नीने रेघा आणायच्या, ठोकून ताठ झाला की तापवून मऊ करायचा, परत ठोकायचा. जुना मुलामा पाऱ्याचा. सोनं पाऱ्यात कालवून लेप द्यायचा आणि भाजायचं, पारा उडून जातो, सोनं राहतं. ती वाफ विषारी, कारागिरांचे हाल विचारू नका. बाकी कप, दांडी, बैठक बरेचदा वेगवेगळे करून आट्यांनी जोडलेले असतात, संधी मिळाली तर बैठक उलटी करून बघा (म्युझियममध्ये नको, हाकलतील).

माशेलकर_०७:
घाट युरोपचा पण हात आमच्या शेटांचे, म्हणजे गोव्यातल्या सोनारांचे. 1567 च्या गोव्यातल्या धर्मपरिषदेने चर्चच्या वस्तू हिंदू कारागिरांकडून करून घ्यायला मनाई केली, आता मनाई करावी लागली यातच काय ते आलं! झेवियरसायबाची, म्हणजे संत फ्रान्सिस झेवियरचं शव ठेवलेली चांदीची पेटी जुन्या गोव्यातल्या बॉम जेझस चर्चमध्ये बघितलीस ना? मास्त्रिल्ली नावाच्या इटालियन जेझुइट पाद्र्याने पुढाकार घेतला, काम गोव्याच्याच चांदीकारांचं, 1637 ची, चारी बाजूंनी संताच्या आयुष्यातले 32 प्रसंग. खालचा संगमरवरी चौथरा फ्लॉरेन्सहून आला तो 1698 ला बसवला, म्हणजे पेटी त्याच्यापेक्षा साठ वर्षांनी थोरली. लोक चौथऱ्याचे फोटो काढतात आणि पेटी उंचावर म्हणून तशीच सोडतात.
आणि एक गंमत, पोर्तुगालमधल्या 16व्या शतकातल्या काही चषकांना कपाखाली गोल छोट्या घंट्या लटकवलेल्या असतात, उचलला की किणकिणतात.

भटक्या_कुडाळकर:
पेटी बघितली पण खालूनच, मान दुखेपर्यंत. प्रसंग काही कळले नाहीत. पुढच्या वेळी दुर्बीण नेतो.

हुपरीकर:
कपाखाली घंट्या?? घुंगरू म्हणा की सरळ. ऑर्डर असेल तर सांगा, पैंजणाचे पोत्याने पडलेत 😄