मदत हवी आहे : 'रोज हजर' हे मुलींना कसं समजावू? (ब्रिजेसचं उदाहरण माझ्यावरच उलटलंय)

नमस्कार मंडळी. मी नागपुरात शाळेच्या मुलींना बास्केटबॉल शिकवते. विद्यापीठाच्या संघापर्यंत खेळले, आता अकरा वर्षं शिकवतेय. प्रश्न एनबीए या अमेरिकन बास्केटबॉल लीगमधल्या ट्रेडचा, म्हणजे खेळाडूंच्या अदलाबदलीचा आहे, पण त्यापायी माझ्या कोर्टवर एक चूक होऊन बसली आहे, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

जून २०२४ मध्ये न्यूयॉर्क निक्सने ब्रुकलिन नेट्सकडून मिकेल ब्रिजेसला घेतलं आणि त्याच्या बदल्यात पहिल्या फेरीचे पाच पिक (नव्या खेळाडूंच्या वार्षिक निवडीत आधी निवड करायचे हक्क) दिले. ब्रिजेस एकदाही ऑलस्टार (लीगच्या निवडक ताऱ्यांच्या सामन्यासाठी निवडलेला) झालेला नाही. पण २०१८ मध्ये लीगमध्ये आल्यापासून त्याने एकही सामना चुकवलेला नाही. एका हंगामात संघाचे सामने असतात ८२. २०२२-२३ मध्ये फिनिक्स या त्याच्या आधीच्या संघाने त्याला मधेच ब्रुकलिनला पाठवलं, दोन्ही संघांचं वेळापत्रक वेगळं, त्यामुळे पठ्ठ्या त्या वर्षी ८३ सामने खेळला! मी ही गोष्ट मुलींना इतक्या वेळा सांगितली की त्यांना पाठ झाली. "बघा, जो रोज येतो त्याची किंमत पाच पिक." जुलैत सामानाच्या खोलीच्या दारावर एक तक्ता लावला. प्रत्येकीचं नाव आणि पुढे सलग हजेरीचे दिवस. शंभर झाले की नवीन बूट, माझ्याकडून.

आता चूक. माझी पॉइंट गार्ड (कोर्टवर खेळ रचणारी) नववीत आहे. परवा प्रॅक्टिस संपल्यावर ती गॅलरीच्या पायऱ्या उतरत होती. कठडा धरून, आडवी होऊन, प्रत्येक पायरीवर आधी उजवाच पाय. ही मुलगी एरवी दोन-दोन पायऱ्या गाळून उड्या मारत खाली येते. मी थांबवलं, मोजा खाली करायला लावला. उजव्या गुडघ्याच्या वाटीखाली टेंगूळ आलेलं, बोट लावलं तर डोळ्यांत पाणी. तीन आठवड्यांपासून दुखत होतं. घरीही सांगितलं नव्हतं. मी विचारलं, "मला का नाही बोललीस?" तर म्हणाली, "मॅडम, माझे ८७ झालेत ना."

दोन दिवस झाले, ते वाक्य डोक्यातून जात नाही. डॉक्टर म्हणाले, वाढीच्या वयात उड्या मारणाऱ्या मुलांना हे होतं, घाबरू नका, पण सध्या उड्या आणि धावणं बंद. बरी होईल. पण ती गप्प राहिली ती माझ्या तक्त्यामुळे.

तुमच्यापैकी बरेच जण एनबीए नीट बघणारे आहात, म्हणून विचारते. ट्रेड करताना क्लब 'उपलब्धता' म्हणून नेमकं काय बघतात? नुसते खेळलेले सामने? की मी पोरींना अर्धीच गोष्ट सांगितली? आणि उरलेली अर्धी असेल तर ती नववीच्या मुलीला कशी सांगायची? रविवारी आमचा सामना आहे, त्याआधी मला सगळ्यांशी बोलायचंय.

पहाटेचा_सामना

ताई, अर्धीच सांगितलीत असं नाही म्हणणार, पण पाच पिक हजेरीचे नव्हते. त्या वेळी ब्रिजेस २७ वर्षांचा होता, समोरच्या संघाच्या सगळ्यात अवघड खेळाडूवर त्याला सोडता येतं, पगार त्याच्या कुवतीच्या मानाने कमी होता, आणि निक्समधले ब्रन्सन आणि हार्ट हे त्याचे व्हिलनोव्हा कॉलेजचे सोबती. एवढं सगळं एकत्र आल्यावर तो भाव झाला. तरीही पाच जास्तच झाले असं तेव्हा खूप जण म्हणत होते. मीही म्हटलं होतं. मग मे २०२५ मध्ये बॉस्टनच्या मैदानावर पहिल्या सामन्यात त्याने शेवटच्या क्षणी जेलन ब्राउनकडून चेंडू काढून घेतला, दुसऱ्यात तसाच टेटमकडून, आणि निक्स २००० नंतर पहिल्यांदा कॉन्फरन्स फायनलला (म्हणजे लीगच्या उपांत्य फेरीला) गेले. मी सकाळी ऑफिसला उशिरा पोचलो त्या दिवशी, पण बघितलं. ऑगस्टमध्ये निक्सने त्याला चार वर्षांसाठी १५ कोटी डॉलरचा करार दिला.

आता त्या सलगतेबद्दल एक गोष्ट मुलींना जरूर सांगा. त्यातले एक-दोन सामने असे आहेत की हंगामाच्या शेवटच्या दिवशी ब्रिजेस कोर्टवर उतरला, लगेच मुद्दाम फाऊल केला आणि काही सेकंदांत बाहेर येऊन बसला. निकालाने काही फरक पडणार नव्हता. संघाला त्याला विश्रांती द्यायची होती आणि आकडाही तुटू द्यायचा नव्हता. म्हणजे अख्ख्या लीगमधला सगळ्यात 'रोज हजर' माणूससुद्धा गरज नसेल तेव्हा बसतो.

लीगनेही हे ओळखलंय. २०२३-२४ पासून एमव्हीपी (हंगामातला सर्वोत्तम खेळाडू) वगैरे मोठ्या पुरस्कारांसाठी किमान ६५ सामने लागतात, आणि सामना धरायचा तर साधारण २० मिनिटं खेळावं लागतं. सेकंदांची हजेरी तिथे चालत नाही. आणि आकडा ६५ आहे, ८२ नाही, हे महत्त्वाचं. सतरा सामने बसायला जागा ठेवलीय.

चार्ल्स_नदीकाठ

मी बॉस्टनमध्ये राहते. तुमच्या पॉइंट गार्डला आयझेया थॉमसची गोष्ट सांगा. डेट्रॉइटचा त्याच नावाचा जुना खेळाडू नव्हे, आमचा, पाच फूट नऊ इंचांचा.

२०१६-१७ मध्ये त्याने सामन्यामागे २८.९ गुण काढले. मार्चमध्ये कंबरेच्या सांध्याला दुखापत झाली, तरी खेळत राहिला. एप्रिलमध्ये बॉस्टनच्या पहिल्या प्लेऑफ (हंगामानंतरच्या बाद फेऱ्या) सामन्याच्या आदल्या दिवशी त्याची धाकटी बहीण अपघातात गेली. दुसऱ्या दिवशी तो कोर्टवर उभा होता, ३३ गुण काढले. २ मे ला, तिच्या वाढदिवशी, वॉशिंग्टनविरुद्ध ५३. त्या रात्री आमच्या इमारतीत भिंतींपलीकडून लोकांचा आरडाओरडा ऐकू येत होता. मी रडले होते. पुढच्या फेरीत दुसऱ्या सामन्यानंतर त्याला सांधा साथ देईना, तो बाहेर बसला.

ऑगस्टमध्ये बॉस्टनने त्याला क्लीव्हलंडला पाठवून कायरी अर्विंग घेतला. क्लीव्हलंडच्या डॉक्टरांनी तपासलं, त्यांना कंबर पटली नाही, व्यवहार आठवडाभर लटकला. शेवटी बॉस्टनने दुसऱ्या फेरीचा एक पिक वर घातला तेव्हा तो पुरा झाला. तो गडी क्लीव्हलंडकडून १५ सामने खेळला आणि फेब्रुवारीत पुन्हा ट्रेड झाला. त्या उन्हाळ्यात डेन्व्हरने त्याला घेतलं ते किमान पगारावर.

ज्या संघासाठी तो दुखत असताना खेळला, त्याच संघाने त्याला दिला, आणि घेणाऱ्याने त्या दुखापतीपायीच भाव पाडून मागितला. क्लब वाईट होते असं मी म्हणत नाही. पण वाटाघाटीच्या टेबलावर 'दुखत असताना खेळला' याचे गुण मिळत नाहीत. तिथे 'उद्या खेळू शकेल का' एवढंच विचारतात. आम्ही बॉस्टनवाले अजून त्याच्यावर जीव टाकतो, ती गोष्ट वेगळी.

जुना_सेंटर

मॅडम, तक्ता काढू नका असं माझं मत. आजकालच्या मुलींना ऊन लागलं तरी सुट्टी हवी असते. एकीच्या गुडघ्यामुळे बाकीच्यांची शिस्त का मोडायची?

धागाकर्ती

जुना_सेंटर, तुमची काळजी समजते, पण ज्या पाच-सहा जणी बहाणे करायच्या त्या तक्ता लावल्यावरही करतातच. त्यांचे आकडे चार-पाचच्या वर गेलेच नाहीत. तक्त्याने बांधली गेली ती जिला मुळात बांधायची गरजच नव्हती. हे मला आधी सुचायला हवं होतं.

चार्ल्स_नदीकाठ, तुमचा प्रतिसाद दोनदा वाचला. धन्यवाद. एक शंका : कवाय लेनर्ड उलटं उदाहरण आहे ना? तो बसून राहिला म्हणून केवढी टीका झाली होती.

पहाटेचा_सामना

हो, आणि अगदी बरोबर विचारलंत. २०१७-१८ मध्ये मांडीच्या दुखण्यामुळे तो सॅन अँटोनिओकडून फक्त ९ सामने खेळला. क्लबचे डॉक्टर म्हणत होते खेळू शकतो, त्याचे स्वतःचे म्हणत होते नाही. जुलै २०१८ मध्ये टोरांटोने डीमार डीरोझन देऊन त्याला घेतलं. डीरोझन टोरांटोचा लाडका, वर्षानुवर्षं निष्ठेने खेळलेला. लोक हळहळले. टोरांटोने मात्र कवायला लागोपाठच्या दोन दिवशी कधी खेळवलं नाही. ८२ पैकी ६० सामने. प्लेऑफला त्याचे पाय शाबूत होते, आणि २०१९ ची ट्रॉफी कॅनडात गेली. फिलाडेल्फियाविरुद्धचा त्याचा तो शेवटचा शॉट रिंगवर चार टप्पे खाऊन आत गेला, तो व्हिडिओ मुलींना दाखवाच.

पण ही गोष्टही इथे संपवू नका, नाहीतर तुमचीच चूक उलट्या बाजूने होईल. पुढे कवाय क्लिपर्सकडे गेला, आणि त्याच्या जोडीला पॉल जॉर्ज हवा म्हणून क्लिपर्सने शे गिलजस-अलेक्झांडर, गॅलिनारी आणि पहिल्या फेरीचे पाच पिक ओक्लाहोमाला दिले. कवाय २०२१-२२ चा अख्खा हंगाम बाहेर, २०२४-२५ मध्ये ३७ सामने. तिकडे गिलजस-अलेक्झांडर २०२५ चा एमव्हीपी झाला आणि ओक्लाहोमा चॅम्पियन. काळजी घेऊनही शरीर कधी कधी साथ देत नाही. त्यात कवायचा दोष काय? डॅलसने फेब्रुवारी २०२५ मध्ये आपला सगळ्यात मोठा खेळाडू डॉन्चिच देऊन अँथनी डेव्हिस घेतला, तर तो पहिल्याच सामन्यात २६ गुण आणि १६ रिबाउंड काढून तिसऱ्या क्वार्टरमध्ये जखमी झाला. त्या हंगामात त्यांच्याकडून एकूण ९ सामने खेळला.

टेप_आणि_बर्फ

मी फिजिओ आहे, शाळकरी खेळाडूंसोबत काम करते. ट्रेडमधली एकच गोष्ट तुमच्या उपयोगाची आहे : फिजिकल. सौदा ठरला तरी घेणाऱ्या क्लबचे डॉक्टर खेळाडूला तपासतात आणि त्यांनी नाही म्हटलं तर सौदा मोडू शकतो. फेब्रुवारी २०२५ मध्ये लेकर्सनी शार्लटच्या मार्क विल्यम्सचा सौदा असाच मोडला. तो त्याच हंगामात शार्लटकडून पुन्हा खेळलाही. म्हणजे आज खेळतोय की नाही हे त्यांना दिसत होतंच, ते पुढचं बघत होते.

तुमच्याकडे डॉक्टरांची फौज नाही. तुमची फिजिकल म्हणजे मुलीने स्वतःहून सांगणं. म्हणून दारावर काही लावायचं असेल तर हजेरी लावू नका. वहीत ठेवा, प्रत्येकीचं पान वेगळं, दुसरीला दिसणार नाही असं. प्रॅक्टिसआधी एकच प्रश्न : कुठे दुखतंय, दहापैकी किती? आणि आदल्या दिवसापेक्षा सकाळी पायऱ्या उतरताना जास्त दुखलं का? जिने चार म्हणून सांगितलं तिला त्या दिवशी उड्या नाहीत, पण कोर्टवर काम द्यायचंच. बसून फ्री थ्रो, भिंतीवर पासिंग, स्कोअरशीट. घरी पाठवलंत तर पुढच्या वेळी ती शून्य सांगेल. हे मी लिहून देते.

तिच्या बाबतीत डॉक्टर सांगतील तेच. परत आणताना घाई नको, एवढंच.

धागाकर्ती

सगळ्यांचे मनापासून आभार. आज बोलले.

थॉमसची गोष्ट सांगितली, बहिणीचा भाग आला तेव्हा सगळ्या गप्प झाल्या. मग ब्रिजेसच्या त्या काही सेकंदांची सांगितली. एकीने लगेच विचारलं, "म्हणजे मॅडम, तो चीटिंग करत होता?" त्यावर दहा मिनिटं वाद चालला, मी चालू दिला. तक्ता मी त्यांच्यासमोर काढला आणि म्हटलं की हा लावायला नको होता, चुकलं माझं. वह्या वाटल्या. पहिल्याच दिवशी चौघींनी काहीतरी लिहिलं. एकीने मनगट, सहा. मला पत्ताच नव्हता.

माझी पॉइंट गार्ड ८७ चा आकडा फाडून घरी घेऊन गेली. मी अडवलं नाही. बूट तिला द्यायचे का, हे अजून ठरवलेलं नाही. द्यावेत असं वाटतं, पण मग बाकीच्या काय समजतील? यावर कोणाला काही सुचलं तर सांगा. रविवारी ती माझ्या शेजारी बसून स्कोअरशीट लिहिणार आहे. शाळेची टी-शर्ट घालून येऊ का, विचारत होती. हो म्हटलंय.