मदत हवी आहे: मेणबत्तीच्या जुन्या सामानाला पुन्हा चांदीचं पाणी द्यावं का?

आमचं घर वसईचं, कॅथलिक. पणजोबा देवळालीच्या छावणीत खानसामा होते. १९४७ मध्ये साहेब विलायतेला निघाला तेव्हा त्याने दिलेल्या तीन वस्तू आता माझ्याकडे आल्यात. एक लांबट तबक, मेणबत्ती विझवायची दांडीची टोपी, आणि एक विचित्र कात्री, जिच्या पात्यावर छोटीशी डबी आहे. आजी नाताळात आल्तारावरच्या वाती तिनेच कापायची. जळकी वात डबीत पडते, खालच्या कापडावर नाही. (आम्ही पोरं त्या डबीत मुंगळे कोंडायचो, ते वेगळं.)

तबकाची चांदी कडांना झिजून आतलं लाल तांबं दिसतंय. टोपीवर 'ईपीएनएस' अशी अक्षरं आहेत, तिथे झिजलेला भाग पिवळट करडा. डबीत जुनं मेण गच्च बसलंय. सोनार म्हणतो, तिन्हींना पाणी देतो, नवीकोरी दिसतील. धाकटी बहीण म्हणते, हात लावशील तर बघ! काय करू? आणि मेण काढायला चिंच चालेल का?

प्रतिसाद:
चिंच, राख, रांगोळी, काहीही नको. चांदीचा थर पातळ असतो, घासलात की गेला. मेण सुरीने खरवडू नका, कोमट पाण्याने मऊ करून सुती फडक्याने टिपा. पाती पोलादी असतील तर लगेच कोरडी करा.
ईपीएनएस म्हणजे विजेने चांदी चढवलेलं जर्मन सिल्व्हर. आत तांबं, निकेल आणि जस्त, चांदी औषधालाही नाही. या पद्धतीचं पेटंट बर्मिंगहॅमच्या एल्किंग्टननी १८४० मध्ये घेतलं. टोपीला खुशाल पाणी द्या.
तबकाचं मात्र थांबा. ही विजेची पद्धत येण्याआधी इंग्लंडमधल्या शेफील्ड शहरात तांब्याच्या लगडीवर चांदीचा पत्रा तापवून एकजीव करत आणि मग लाटत. कापलेल्या कडेला तांबं उघडं पडे, म्हणून तिथे चांदी वळवून झाकत. कडेच्या खालून नख फिरवा. जोड लागला तर पाणी अजिबात देऊ नका, जुनेपणाची किंमत जाईल. नुसती अक्षरं नाहीत यावर जाऊ नका, विजेनेही तांब्यावर चांदी चढवत.

धागाकर्ती:
नख अडकलं! दोनदा फिरवून पाहिलं. टोपी सोनाराकडे गेली, कात्री माझ्याकडे. तबक बहिणीला दिलं, आता बसू दे पुसत.