मदत हवी आहे: काळ्या गाडीच्या दारांवरचं जुनं प्रतिबिंब

गोव्यात पर्वरीतल्या पार्किंगमध्ये फोटो काढलेली काळी सेडान फोटोशॉपमध्ये मिरामारच्या रस्त्याच्या फोटोत बसवायची आहे, मागे समुद्र. दोन्ही फोटो 50 एमएम लेन्सवर, कॅमेऱ्याची उंची सारखी, उजेड ढगाळ. त्यामुळे क्षितिज आणि उजेड जुळतात. कटआउट पेन टूलने केलंय, काचांना वेगळा मास्क (भाग झाकणारा थर) आहे, टायरखालची सावली मल्टिप्लाय मोडवर (खालचं चित्र गडद करणारा) नीट बसली.

अडलंय ते दारांवर. तिथे पार्किंगचे खांब ठळक दिसतात. क्लोन टूलने (शेजारचा भाग वर उमटवून) पुसले की बॉडीलाइनची, म्हणजे पत्र्यावरच्या उठावाच्या रेषेची, चमकही जाते आणि पत्रा प्लास्टिकसारखा सपाट होतो. गाडी विकली गेल्यामुळे पोलरायझर (प्रतिबिंब कमी करणारा फिल्टर) लावून परत फोटो काढता येणार नाही. रॉ फाइल (कॅमेऱ्याची मूळ, प्रक्रिया न केलेली) आहे. दारांच्या पत्र्यात कॅमेऱ्यामागचं दृश्य दिसायला हवं, म्हणून मिरामारला कॅमेऱ्याच्या पाठीमागच्या झाडांचाही फोटो घेतलाय.

तो झाडांचा फोटो आरशासारखा उलटवून, वार्प करून (दाराच्या आकारात वाकवून) प्रत्येक दारावर स्क्रीन मोडने (खालचं चित्र उजळ करणारा) चढवायचा आहे, तर त्याआधी खांब घालवताना बॉडीलाइनचे हायलाइट (चमकणारे भाग) शाबूत कसे ठेवायचे?