मदत हवी आहे: मामाच्या चिनी अबॅकसचे जास्तीचे मणी बांधून टाकू का?

नमस्कार मंडळी,

लेक चौथीत आहे, दोन वर्षं अबॅकसच्या क्लासला जातेय. माझा मामा जहाजावर नोकरीला होता. तेव्हा हाँगकाँगहून आणलेला लाकडी अबॅकस त्याने परवा माळ्यावरून काढून तिला दिला. काळपट चौकट, तेरा काड्या, आणि मण्यांची खटखट पार स्वयंपाकघरात ऐकू येते. पोरगी जाम खूष. पण गणित करायला बसली आणि अडली.

क्लासच्या अबॅकसला आडव्या पट्टीच्या वर एक मणी (पाचाचा) आणि खाली चार (एकेकाचे). मामाच्या स्वानफानला (म्हणजे चिनी अबॅकसला) वर दोन, खाली पाच. क्लासच्या बाई म्हणाल्या, "जास्तीचे दोन दोऱ्याने बांधून टाका, गोंधळ नको." माझा हात धजत नाहीये.

क्लासमधला तो जपानी सोरोबान, चीनहूनच गेलेला, पुढे मणी कमी केलेला, एवढं वाचलं. चिनी मणीगणित २०१३ साली युनेस्कोच्या अमूर्त वारशाच्या यादीतही आलं. मग चिन्यांनी हे दोन मणी इतकी शतकं उगाच वागवले नसणार! दहाच्या हिशेबाला काडीवर नऊ पुरतात, इथे पंधरा मावतात. कशाला? आणि दोन्ही वापरले तर लेकीची सवय बिघडेल का?

प्रतिसाद १

अहो, बांधू नका! पंधरा हीच तर गोम आहे. जुन्या चिनी वजनात १६ टेलांची एक कॅटी. काडीवर पंधरापर्यंत मोजायचं, सोळावा आला की डावीकडे एक. आपला शेरही १६ छटाकांचाच होता की. चीनने १९५९ मध्ये कॅटी दहाची केली, हाँगकाँगच्या बाजारात अजून सोळाची चालते. शिवाय गुणाकार-भागाकाराच्या जुन्या रीतींत मधली रक्कम काडीवर तात्पुरती ठेवायलाही हे मणी लागतात.

लेकीला सांगा, सगळ्यात वरचा आणि सगळ्यात खालचा मणी हलवायचाच नाही. झाला सोरोबान. सवय वगैरे काही बिघडत नाही, मुलं पटकन जुळवून घेतात.

त्यांच्याकडेही आपल्या पावकी-निमकीसारखी घोकंपट्टी होती बरं का. सोळाच्या वजनासाठी "एकाचे, मागे सरून, सहा-दोन-पाच". म्हणजे १/१६ = ०.०६२५.

धागाकर्ती

खूप आभार! रात्री लगेच ७ + ८ करून पाहिलं. सातही मणी पट्टीला येऊन चिकटले, हातचा घ्यावाच लागला नाही. आई शेजारी शेंगा सोलत होती. तिला ते सहा-दोन-पाच वाचून दाखवलं, तर मान वर न करता म्हणाली, "आण्याचे सव्वासहा नवे पैसे." आता आजी-नात त्यावर आणे-रुपये मांडत बसल्यात, दोरा डब्यात परत गेला.

एक राहिलंच. उजवीकडून तिसऱ्या काडीवरचा एक मणी चिरलाय. चौकट न उकलता बदलता येतो का? की सुताराकडेच न्यावा?