अनुभव धागा: आपला देव आणि आपलं मत

सातारा-सांगलीकडच्या मंडळींनो, तुमची श्रद्धा किंवा नास्तिकता तुमच्या राजकीय मतात कशी उतरली? पक्षप्रचार नको, घरातलं लिहा. सुरुवात मी करते.

माझे आजोबा कोरेगाव तालुक्यातले माळकरी. एकादशी कधी मोडली नाही, पण 1957 ला मत दिलं कम्युनिस्ट क्रांतिसिंह नाना पाटलांना. नाना साताऱ्यातून लोकसभेवर गेले. आजी धास्तावली होती, देव न मानणाऱ्यांचा पक्ष म्हणून. पण आजोबांनी इंग्रजांविरुद्ध नानांनी चालवलेलं प्रतिसरकार पाहिलं होतं: गावातच होणारे न्यायनिवाडे, कर्ज न काढता लागलेली गांधी-लग्नं. गळ्यातली माळ आणि ते मत यांत त्यांना विरोध दिसला नाही. मलाही दिसत नाही.

मिरज
मी मुसलमान, लग्न होऊन इथे आले. मिरासाहेब दर्ग्याच्या उरुसात चर्मकार समाजाच्या गलेफाला (कबरीवर चढवायच्या चादरीला) मान आहे, हे पाहून भारावले होते. 2009 च्या गणेशोत्सवात याच गावात स्वागत कमानीवरच्या चित्रावरून दंगल झाली. पुढच्याच महिन्यात विधानसभेचं मतदान. आमच्या गल्लीत पाण्याबद्दल कुणी बोलेना. तेव्हापासून सभेत धर्म निघाला की मी उठून घरी येते. आमची मतं एकगठ्ठा पडतात म्हणे! आमच्या घरात नवरा, दीर आणि मी तीन वेगळी बटणं दाबतो.

सातारा शहर
मी अंधश्रद्धा निर्मूलन समितीचं (अंनिस) काम करतो, देव मानत नाही. बायकोचं देवघर आहे, त्यावरून घरात वाद नाही. अंनिसचे संस्थापक डॉ. नरेंद्र दाभोलकर आमच्या गावचे. 20 ऑगस्ट 2013 ला पुण्यात त्यांचा खून झाला आणि वर्षानुवर्षं रखडलेल्या जादूटोणाविरोधी कायद्याचा वटहुकूम काही दिवसांत निघाला. एवढी किंमत मोजावी लागली, याचा राग अजून जात नाही. 'धर्मबुडवा कायदा' असं ऐकलं की मी पारावर बसून त्याची अनुसूची वाचून दाखवतो. नरबळी, करणीच्या संशयावरून मारहाण, भुताच्या नावाखाली छळ, हे गुन्हे. वारी-कीर्तनाला तर कायद्यानेच वगळलंय. झेरॉक्स आधी बायकाच मागतात. उमेदवार दारात आला की एकच विचारतो: असा गुन्हा नोंदवायला माझ्याबरोबर ठाण्यात येणार का?

विटा
मी धर्म बघूनच मत देतो आणि त्यात लपवण्यासारखं काही नाही. सरकार धर्मनिरपेक्ष आहे ना? मग पंढरपूरच्या देवळाचा कारभार सरकारी समितीकडे कशाला?

फलटण
विट्याच्या दादा, मी दरवर्षी वारी चालते, म्हणून लिहिते. 1973 च्या कायद्याने बडवे-उत्पात या पुजारी घराण्यांचे वंशपरंपरागत हक्क संपवले, 2014 ला सर्वोच्च न्यायालयाने त्यावर शिक्कामोर्तब केलं. त्यानंतर पुजारी नेमताना इतर जातींचे, बायकांचेही अर्ज मागवले गेले. समितीचा हिशेब मागायचा तर मी तुमच्याबरोबर आहे. पण तो मान पुन्हा ठरावीक घराण्यांकडे जायला माझा विरोध राहील. पालखी फलटणला मुक्कामी असते तेव्हा आमच्याकडे पंगत असते. या, तिथे भांडू.